मधलं पद

एप्रिल २०२१. रात्रीचे साडेअकरा. मी गच्चीवर होतो, कारण आमच्या घरात नेटवर्क फक्त गच्चीवर येतं, आणि तेही पाण्याच्या टाकीला टेकून बसलं तरच. ऑफिसचा कॉल संपवून लॅपटॉप मिटतोय तेवढ्यात मामेभावाचा मेसेज आला. एका कागदाचा वाकडा, अर्धा सावलीत गेलेला फोटो आणि खाली एकच ओळ : ‘दादा, याचा अर्थ सांग लवकर.’

कागद मामाच्या सिटी स्कॅनचा रिपोर्ट होता. मामेभावानं एका ओळीखाली बोटानं लाल रेघ मारली होती : ‘ग्राउंड ग्लास ओपॅसिटी’. त्यानं स्वतः प्रयत्न केला होता. पुढचा मेसेज तोच सांगत होता : ‘ग्राउंड म्हंजे जमीन, ग्लास म्हंजे काच. पप्पाच्या छातीत काच कशी गेली?’

मी त्याला लिहिलं, हा ग्राउंड जमिनीचा नाही. शाळेत पाठ केलेला तक्ता आठव. ग्राइंड, ग्राउंड, ग्राउंड. दळणं, घासणं. ग्राउंड ग्लास म्हणजे घासून धुरकट केलेली काच, बाथरूमच्या खिडकीला असते तशी. स्कॅनमध्ये फुप्फुस काळं दिसायला हवं, तिथे त्या काचेसारखे धुरकट डाग दिसतायत, एवढंच.

‘म्हंजे काच नाही ना?’

‘नाही.’

त्यानं हात जोडलेले पाठवले. मलाही बरं वाटलं. पुण्यात सॉफ्टवेअर लिहून जे समाधान मिळालं नव्हतं, ते त्या ‘नाही’नं दिलं.

तुमच्याही घरात असा एक जण असेल. कदाचित तो तुम्हीच असाल. बँकेचा एसएमएस, गॅसचं कार्ड, भाच्याचा शाळेचा फॉर्म, रक्ताचा रिपोर्ट, सगळ्या कागदांचे फोटो ज्याच्याकडे येतात तो. मी आमच्या खानदानाची डिक्शनरी आहे. आणि ही नोकरी मला इंजिनिअरिंगची डिग्री मिळायच्या बरीच आधी लागली.

*

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात आहे. कापसाचं गाव. इंग्रजांच्या काळात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका जातीचंच नाव होतं. म्हणजे आमच्या तालुक्याचं नाव इंग्रजीत गेलं, पण तालुक्यात इंग्रजी आली ती बऱ्याच उशिरा. महाराष्ट्रानं २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. मी पहिलीत गेलो त्याला तोवर तीनच वर्षं झाली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही खिडकीबाहेरच्या पराट्यांकडे बघत ‘सी फॉर कॅट’ म्हणायचो. कॉटन आम्हाला सी मध्ये कोणी शिकवला नाही.

गंमत अशी, की इथून तासाभराच्या अंतरावर, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये देशभरातले शिक्षणतज्ज्ञ गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जमले होते. त्यांनी ठरवलं, की मुलाला पहिली सात वर्षं मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिकवायचं. मग झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा आराखडा केला. देशभर तिला ‘वर्धा योजना’ म्हणतात. हाताचं काम आम्ही शाळा सुटल्यावर वेचणीला जाऊन करत होतोच. त्यासाठी योजनेची गरज पडली नाही. पण शेतातला प्रत्येक कागद मात्र इंग्रजीत यायचा, आणि तो वाचायला घरात मी होतो.

पाचवीत असताना बाबांनी हिंगणघाटच्या बाजारातून मला खिशात मावेल एवढी इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणून दिली. पुठ्ठा पिवळा, पानं पातळ. तेव्हापासून मी सगळं वाचायचो. बियाण्याचं पाकीट, खताची थैली, फवारणीच्या औषधाची चिठ्ठी. त्या पाकिटांवर आणि बाटल्यांवर ‘गार्ड’, ‘शील्ड’, ‘प्रोटेक्ट’ असले शब्द खूप असायचे. गार्ड शब्द मी तिथेच शिकलो. गार्ड म्हणजे पहारेकरी. राखणदार. आबाजी जागलीला जायचे, रानडुकरं हाकलायला. म्हणजे आबाजी गार्ड.

औषधाच्या बाटलीवर तिरप्या चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो, तोही मी घरी समजावून सांगायचो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे सुरक्षित, असं मी सांगितलं होतं. सिग्नलचा हिरवा मला पुस्तकातून माहीत होता. त्या हिरव्या त्रिकोणावर ‘कॉशन’ असं छापलेलं असतं, म्हणजे जपून. हिरवा म्हणजे विष नाही असं नव्हे, चारांतलं सगळ्यात सौम्य विष. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा मी कॉलेजात होतो. बातमी वाचून आधी आठवला तो माझा हिरवा त्रिकोण. मी लगेच बाबांना फोन केला. ते म्हणाले, ‘आपन तं तोंडाले फडकं बांधतो ना बापू.’ माझं सांगणं त्यांनी किती मनावर घेतलं होतं, हे मी विचारलं नाही.

*

आठवीत आम्हाला मराठीला जे सर होते, ते समास शिकवताना फळ्यावर खाण्याच्या वस्तू लिहायचे. मधल्या सुट्टीआधीचा तास असायचा, त्यामुळे वर्ग एकदम लक्ष द्यायचा.

‘पुरणपोळी,’ ते म्हणायचे. ‘पुरण आणि पोळी का? म्हणजे ताटात एकीकडे पुरण, एकीकडे पोळी?’

‘नाही सर!’

‘मग?’

‘पुरण घालून केलेली पोळी!’

‘घालून केलेली हे कुठं आहे त्या शब्दात?’

कुठंच नसायचं. सर म्हणायचे, हा मध्यमपदलोपी समास. दोन शब्द जोडताना मधलं पद खाल्लं. कांदेपोहे, साखरभात, मामेभाऊ, सगळ्यांत मधलं काहीतरी खाल्लेलं आहे. ‘पोरांनो, शब्द दिसतात दोन. अर्थ असतो तिसऱ्यात. आणि तो तिसरा तुम्हाला घरून माहीत असावा लागतो. ज्यानं जन्मात पुरणपोळी पाहिली नाही, त्याला व्याकरण काय सांगणार?’

परीक्षेत या समासाला एक-दोन गुण होते. माझ्या आयुष्यात मात्र इंजिनिअरिंगच्या चार वर्षांपेक्षा तो जास्त उपयोगी पडला. कारण इंग्रजीतले निम्मे शब्द असेच जोडून आलेले असतात, आणि मधलं पद तिथेही खाल्लेलं असतं. शेंगदाणा तेल म्हणजे शेंगदाण्यातून काढलेलं तेल. इंजिन ऑइल म्हणजे इंजिनात टाकायचं. बेबी ऑइल म्हणजे... देवाच्या कृपेनं, बाळाला लावायचं. शब्द तेच, रचना तीच, मधलं नातं प्रत्येक वेळी वेगळं. डिक्शनरीत ‘बेबी’ मिळतो, ‘ऑइल’ मिळतो. मधलं ‘लावायचं’ आणि ‘काढलेलं’ मिळत नाही.

सरांचा बहुव्रीही तर मला खूप उशिरा कळला. नीलकंठ म्हणजे निळा गळा नव्हे. ज्याचा गळा निळा आहे असा तो, शंकर. दोन्ही शब्द बाजूला राहतात आणि तिसराच कोणीतरी उभा राहतो. तुमच्या फोनमधला ब्लूटूथ तसाच आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता, त्याचं टोपणनाव ब्लूटूथ. ज्याचा दात निळा आहे असा तो. फोनवरची ती खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन जुन्या लिपीतली आद्याक्षरं एकात एक गुंफलेली. आणि पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञ अशा इंग्रजी शब्दांना आजही ‘बहुव्रीही’च म्हणतात, आपल्याकडूनच नेलेलं नाव. बहुव्रीही या शब्दाचा अर्थ : ज्याच्याकडे पुष्कळ तांदूळ आहे असा तो. म्हणजे खाऊनपिऊन सुखी शेतकरी. व्याकरणात तरी तो सापडतो.

माझ्या धंद्यात तर असे शब्द फार. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी गावी येऊन काम करू लागलो. एकदा कॉलवर सहकाऱ्याला सांगत होतो, ‘अरे, पॅरेंटनं चाइल्डसाठी वेटच केलं नाही, म्हणून चाइल्ड झॉम्बी झाला. आता पॅरेंटलाच किल कर.’ आई तूर निवडत बसली होती. तिला पॅरेंट आणि चाइल्ड हे शब्द शाळेच्या फॉर्ममुळे माहीत, आणि किल हिंदी सिनेमामुळे. कॉल संपल्यावर ती हळूच म्हणाली, ‘बापू, तुयं ऑफिस चांगलं आहे ना?’

मी तिला समजावलं, की कॉम्प्युटरमध्ये एक काम दुसरं काम सुरू करतं, म्हणून पहिल्याला पालक म्हणायचं आणि दुसऱ्याला मूल. मूल संपलं की पालकानं त्याची नोंद घ्यायची असते, तोवर थांबायचं असतं. नाही घेतली तर ते संपूनही यादीत उरतं. ती म्हणाली, ‘हे तं मानसाचंच आहे.’ आणि पुन्हा तूर निवडू लागली.

मग तुम्ही म्हणाल, सगळं मराठीत का नाही करत? मलाही वाटायचं. पण पीकविम्याचे मराठी कागद वाचल्यापासून मी जरा थांबलोय. त्यात एक शब्द आहे, ‘उंबरठा उत्पादन’. इंग्रजीतल्या ‘थ्रेशोल्ड यील्ड’चं एकास एक भाषांतर. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा, यील्ड म्हणजे उत्पादन. आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘उंबरठ्यावर काय पिकते बाप्पा?’ खरा अर्थ असा : तुमच्या मंडळातल्या मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांच्या उत्पादनाची सरासरी काढायची, तिला ठरलेल्या जोखीमस्तरानं गुणायचं. येईल तो उंबरठा. मंडळाचं यंदाचं उत्पादन त्याच्या खाली गेलं तर भरपाई. तुमच्या एकट्याचं शेत बुडालं आणि मंडळ उंबरठ्याच्या वर राहिलं, तर या हिशेबात तुम्ही कुठेच नाही. हे सगळं मधलं पद. भाषांतर करणाऱ्यानं दोन्ही टोकं प्रामाणिकपणे मराठीत आणली आणि मधलं तिकडेच राहिलं.

उलट ‘सातबारा’ बघा. सात आणि बारा, दोन आकडे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. डिक्शनरीत बघून कुठल्याच परक्या माणसाला कळणार नाही. पण आमच्या गावात अंगठा देणाऱ्या म्हाताऱ्यालाही तो छातीशी धरण्याचा कागद आहे हे माहीत असतं. म्हणजे प्रश्न इंग्रजी-मराठीचा आहे तेवढाच, मधलं पद कोणाला माहीत आहे आणि कोण सांगतं, याचाही आहे.

हे शहाणपण मी आता लिहितोय. २००९ साली माझ्याकडे फक्त डिक्शनरी होती.

*

मी सातवीत होतो. दिवाळी होऊन गेली होती, कापसाचा पहिला वेचा घरात आला होता. ओसरीच्या मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस, आणि आम्ही पोट्टे त्यात उड्या मारायचो. आबाजींना दम लागायचा. मग पाय सुजले. एका रात्री त्यांना आडवं झोपताच येईना. जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना नेलं. सहा दिवस ठेवलं. सातव्या दिवशी काळी-पिवळीनं घरी आणलं.

ओसरीत खाट टाकली. आजीनं मीठ न घातलेली मुगाची खिचडी दिली. शेजारपाजारचे चार जण आले. आबाजी उशीला टेकून बसले आणि म्हणाले, ‘वाच बरं बापू, काय लिहून देल्लं डॉक्टरनं.’

बाबांनी पिशवीतून कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. डिस्चार्ज कार्ड. डिस्चार्ज शब्द मला विज्ञानातून माहीत होता, बॅटरी उतरते तो. मी तो मोठ्यानं वाचला नाही.

बरंचसं मला वाचताच आलं नाही. नुसती अक्षरं होती, एल, व्ही, एफ अशी. ‘बेड रेस्ट’ मी लगेच सांगितलं, खाटेवर आराम. ‘सॉल्ट’ म्हणजे मीठ, ‘रिस्ट्रिक्टेड’ डिक्शनरीत शोधलं, बंधन घातलेले. आजी म्हणाली, बरोबर आहे, नर्सबाई तेच म्हणत होती. ‘फॉलो अप आफ्टर सेव्हन डेज’. फॉलो म्हणजे मागे जाणे, अप म्हणजे वर. ‘सात दिवसांनी मागे मागे वर जायचं,’ मी म्हणालो. सगळे हसले. मला राग आला. एका गोळीपुढे ‘एसओएस’ होतं. बुडणारं जहाज मदतीसाठी एसओएस पाठवतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, म्हणून म्हणालो, ही संकटात घ्यायची. (ते लॅटिनमधल्या ‘गरज पडल्यास’ अशा अर्थाच्या तीन शब्दांचं लघुरूप आहे, हे मला पुढे कळलं. योगायोगानं जवळपास बरोबर सांगितलं होतं.)

शेवटी एक ओळ होती. पहिला लांब शब्द डिक्शनरीत नव्हता, तो मी सोडला. शेवटचा शब्द होता ‘गार्डेड’. त्यासाठी मला डिक्शनरी उघडावी लागली नाही. तो माझा शब्द होता. बियाण्याच्या पाकिटावरचा. जागलीचा.

‘गार्डेड म्हणजे राखलेला,’ मी म्हणालो. ‘आबाजींची तब्येत सुरक्षित आहे.’

आबाजींनी मांडीवर थाप मारली. ‘पाय! आपला पोट्टा डॉक्टरले वाचते!’ त्यांचं हसू खोकल्यात गेलं, पण ते हसत होते. बाबांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाबा कापसाची गाडी घेऊन हिंगणघाटच्या यार्डात गेले. यार्डात रांग होती. एक रात्र तिथेच काढली. पहाटे चारच्या सुमारास आबाजी गेले. आई, आजी आणि मी होतो. बाबांना निरोप द्यायला कोणीतरी मोटारसायकल घेऊन गेलं. वरोऱ्याहून आत्या दुपारी आली, तेव्हा सगळं आवरून तिची वाट बघत होते. ती उंबरठ्यातच बसली आणि एकच प्रश्न विचारत राहिली : ‘मले कोनीच काहून नाही सांगतलं?’

तिला कोणी सांगितलं नाही, कारण मी सांगितलं होतं की तब्येत सुरक्षित आहे. हे मात्र मला त्या दिवशी माहीत नव्हतं. बारा वर्षांचा मुलगा एवढंच समजला, की माणसं अचानक जातात.

*

पुन्हा २०२१. ग्राउंड ग्लासनंतर पाच दिवसांनी मामेभावाचा दुसरा फोटो आला. मामा आता ऑक्सिजनवर होता. नोटच्या तळाशी एक ओळ : ‘प्रॉग्नोसिस गार्डेड.’ मामेभावानं खाली लिहिलं होतं, ‘गार्डेड म्हंजे चांगलंच ना दादा?’

मी ‘हो’ टाइप केलं होतं. पाठवायच्या आधी काय वाटलं कोण जाणे, शाळेतला एक मित्र डॉक्टर झालाय, त्याला विचारलं. तो तेव्हा चोवीस-चोवीस तास ड्युटी करत होता. त्याचा व्हॉइस मेसेज अकरा सेकंदांचा होता : ‘अरे, गार्डेड म्हणजे डॉक्टर हातचं राखून बोलतोय. काहीही होऊ शकतं. खात्री देत नाही, असं. नातेवाइकांना तयार ठेवायचं असतं.’

हातचं राखून. इतका साधा मराठी शब्दप्रयोग, आणि तो कुठल्याच डिक्शनरीनं मला दिला नव्हता. राखलेला होता तो पेशंट नव्हता, डॉक्टरचा शब्द होता. मधलं पद ते होतं.

मी टाकीला टेकून बराच वेळ बसलो. ‘हो’ खोडलं. मामेभावाला फोन केला आणि जमेल तसं सांगितलं. तो रडला नाही, फक्त ‘बरं’ म्हणाला आणि त्याच रात्री त्याच्या बहिणीला फोन करून बोलावून घेतलं. मामा बावीस दिवसांनी घरी आला. अजून ठणठणीत आहे, आणि छातीत काच गेल्याचा किस्सा मीठमसाला लावून सांगतो. गार्डेड म्हणजे मृत्यू नव्हे. गार्डेड म्हणजे सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरातली पत्र्याची पेटी उघडली. सातबारे, फेरफार, पावत्या, आणि त्यांच्या मध्ये ते कार्ड. कडा पिवळ्या झाल्या होत्या. शेवटची ओळ आता मला पूर्ण वाचता आली. ‘प्रॉग्नोसिस एक्स्प्लेन्ड टू रिलेटिव्ह्ज. गार्डेड.’

सातवीत मी फक्त शेवटचा शब्द वाचला होता. त्याआधी लिहिलं होतं, की नातेवाइकांना समजावून सांगितलं आहे. दवाखान्यात नातेवाईक म्हणून कोण होतं? आजीला डॉक्टरांच्या खोलीत कोणी नेलं नसतं. काका तेव्हा सुरतेला होते.

संध्याकाळी बाबा अंगणात वखराची पास घासत बसले होते. मी कार्ड घेऊन त्यांच्याजवळ बसलो. कार्ड त्यांनी लगेच ओळखलं.

‘बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं होतं?’

ते घासत राहिले. मग म्हणाले, ‘हाव. बाजूले नेऊन सांगतलं होतं. म्हने, काही भरोसा नाही. आठ-पंधरा दिवस. नाही तं नागपूरले न्या.’

‘मग?’

‘मंग काय. नागपूरले न्याले पैसा पायजे. घरात होता कापूस. म्हनून तं गेलो होतो यार्डात.’

बारा वर्षं मला वाटत होतं, आबाजी गेले तेव्हा बाबा कापूस विकायला गेले होते. ‘कापूस’ आणि ‘विकायला’ हे दोनच शब्द मला माहीत होते. मधलं नागपूर कोणी सांगितलं नव्हतं.

‘मी चुकीचं वाचलं, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?’

त्यांनी पास खाली ठेवली. ‘तू सुरक्षित म्हनलास अन् बुढा हासला. आठ दिवसांत पयल्यांदा हासला तो. आता मी चार लोकांत म्हनू का, की पोट्ट्यानं चुकीचं वाचलं?’

‘आणि आत्या?’

यावर ते खूप वेळ बोलले नाहीत. आई आतून कांदा चिरत असल्याचा आवाज येत होता. ‘ते रडत आली असती,’ ते म्हणाले. ‘बुढ्याले समजलं असतं.’ मग पास पुन्हा हातात घेतली. ‘सांगाले पायजे होतं. थे माही चूक झाली.’

*

विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नसे. तूच सोप्या मराठीत लिही, असं तिनं मुलाला म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. आई १९१८ साली गेली. ‘गीताई’ विनोबांनी लिहिली ती १९३०-३१ मध्ये, आमच्या वर्ध्यात. शाळेच्या सहलीला पवनारला गेलो होतो तेव्हा ही गोष्ट ऐकली होती. तेव्हा मला वाटलं होतं, अरे, उशीर झाला. आता वाटतं, बारा वर्षं काय, भाषांतराला कधीकधी तेवढी लागतात. ज्याच्यासाठी केलं तो तोवर थांबत नाही.

आबाजींचं कार्ड मी पुन्हा पेटीत ठेवलं. आत्याला अजून सांगितलेलं नाही. भाऊबीजेला ती येते, ओवाळते, जेवून जाते. बाबा तिच्या ताटात दोनदा वाढतात. सांगायचं तर बाबांनी सांगावं असं मला वाटतं, आणि बाबांना कदाचित वाटत असेल, की वाचणारा मी होतो. दर वर्षी एक भाऊबीज जाते.

फोटो येत राहतात. मी आता लगेच टाइप करत नाही. शब्द इंटरनेटवर सगळ्यांना मिळतो. फोनचा कॅमेरा कागदावर धरला तर जागच्या जागी भाषांतर होऊन दिसतं. ते यंत्र लिहिणारे लोक माझेच भाईबंद आहेत, आणि ते काम चांगलं करतात. पण कागद कोणाच्या मांडीवर आहे, हे यंत्राला दिसत नाही. म्हणून मी फोन करतो.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी काकांचा रिपोर्ट पाठवला. पाठोपाठ मिस कॉल. मी परत लावला.

‘काय लिवलं आहे बापू त्याच्यात?’

‘काकू, काका जवळ आहेत का?’

‘हाव, हे काय, इथंच बसले आहेत.’

‘मग तुम्ही जरा अंगणात या,’ मी म्हणालो, आणि त्या चपला घालेपर्यंत थांबलो.